लेकीच्या घरचं पाणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

पणदरे, ता. बारामती
६ नोव्हेंबर २०२५

ती. सिंधुबाई विहीणबाईंना प्रमोदिनीचा नमस्कार.

तुम्ही डाळजहून एसटीनं पाठवलेला फराळाचा डबा काल बारामती स्टँडवर सोडवून घेतला. आलं ते असं: चकल्या, करंज्या (तीन फुटलेल्या), शेव, एका पिशवीत हुलगे, आणि तळाशी कागदात गुंडाळलेले अळिवाचे लाडू. पार्सलचे साठ रुपये, हमालाला वीस. जाण्यायेण्याचं आम्हा बायकांना अर्धं तिकीट, म्हणून परवडलं. तुमच्या चिठ्ठीत चिवडा लिहिला आहे, तो डब्यात नव्हता. चुकून घरी राहिला असेल. मुद्दाम लिहीत नाही, पण यादीला मेळ बसला नाही की मला चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

अळिवाचे लाडू बघून मात्र मी चमकले. हे बाळंतिणीचं खाणं, दिवाळीच्या डब्यात कुठून आलं? तुमच्या धाकट्या सूनबाईकडं, सोनमकडं, काही गोड बातमी असेल तर विहिणीला अशी डब्यातून सांगू नका, सरळ लिहा. लाडू झालेत छान. शेजारी वाटले, ह्यांनी दोन खाल्ले, मी एक देवापुढं ठेवून खाल्ला.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते. फोन केला असता, पण तुम्हाला एकाच कानानं ऐकू येतं, आणि आमच्या घरात फोन म्हणजे चावडी. हे स्पीकरवर टाकतात आणि गोठ्यापर्यंत ऐकवतात.

एकदा तरी थंडीचं कुठं फिरायला जावं असं मनात आहे. आपल्या ऊसवाल्यांना थंडी म्हणजे ऊसतोड. टोळी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून जन्मात कधी दिवाळी ते होळी गाव सोडलं नाही. यंदा हे म्हणाले, "ऊस मी बघतो, म्हशी मी बघतो, तू जा बाई एकदाची. पण मला बरोबर ओढू नको." म्हणून तुम्हाला विचारते. आपण दोघी विहिणी जाऊ. दुधाच्या पगारातले मी दर महिन्याला बाजूला टाकत आले आहे, तेवढ्यात दोघींचं भागेल.

ठिकाण मी हरिद्वार योजलं आहे. गंगास्नान होईल हे एक. खरं कारण तुमच्यापासून काय लपवू? आसावरी. आता तिकडं उत्तर प्रदेशात बिजनौरच्या साखर कारखान्याचं गळीत सुरू होईल. आमचे जावईबापू, तुमचे ऋषिराज, केमिस्ट. होळीपर्यंत त्यांच्या पाळ्या चालणार आणि पोर क्वार्टरमध्ये एकटी बसणार. मे महिन्यातही ती आली नाही. दीड वर्ष झालं मी तिला डोळ्यांनी पाहिलं नाही. तिच्याकडंच गेले असते, पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे आमच्या घरात चालत आलं आहे. ती दोघं इंदापूरला होती तेव्हा एकदा गेले होते, तर बाटली आणि डबा घरूनच नेला होता. "पाणी देऊ का आई?" म्हणून तिनं तांब्या पुढं केला, मी पिशवीतली बाटली काढली. नियम तो नियम. आता बिजनौरला किती बाटल्या नेणार?

हरिद्वार तिच्यापासून बसनं दोन-अडीच तासांवर आहे. धर्मशाळा काही लेकीचं घर नव्हे. ती तिथं येईल, चार दिवस माझ्यापाशी राहील. गंगेच्या घाटावर तिची ओटी भरीन आणि मागायचं ते गंगेपाशी मागीन. काय म्हणता? कळवा.

तुमची
प्रमोदिनी


डाळज, ता. इंदापूर
१४ नोव्हेंबर

सौ. प्रमोदिनीताई यांना सिंधुबाईचा रामराम.

पत्र पोचलं. चिवड्याचा हिशेब तुमी धरनार हे मला ठावं व्हतं. घाईत राहिला. पुढच्या खेपंला दुप्पट घ्या, व्याजासकट. लाडू थंडीचे म्हनून केले वो. सोनमकडं काय न्हाय. ती तुमचं पत्र वाचून गालातल्या गालात हसली. माझ्या सांध्यांना अळीव बरा पडतो, आन चार जास्तीचे वळले, तेच तुमच्या डब्यात आले.

फिरायला जायचं म्हनता, बेस हाय. आमचे हे गेल्यापासून मीबी पाय उचलला न्हाय. पर हरिद्वार नगा करू. तिकडं जानेवारीत धुकं असं की आपला हात आपल्याला दिसत न्हाय म्हनं. गाड्या दहा-दहा तास उशिरा. आन गार पान्यात बुडी मारून तुमी आजारी पडलात, तर तुमचे वसंतराव मला बोलनार. मला म्हातारीला कशाला बोल?

त्यापरीस कन्याकुमारीला जाऊ. थंडी न्हाय, धुकं न्हाय. तीन समुद्र एका जागी म्हनतात. रामेश्वरबी वाटंतच हाय, तुमचं देवाचंबी व्हईल. न्हायतर गोव्याला चला. तुमी नऊवारीत, मी नऊवारीत, दोघी वाळूत बसू, लोकं फोटू काढत्याल.

आन पैसंच वाचवायचं असत्याल तर हितंच या की. साऱ्या दुनियेतली लोकं थंडीची सुट्टी घालवायला आमच्या दारात येत्यात. उजनीच्या पान्यावर लाल-पांढरी पाखरं उतरलीत. आमच्या वस्तीवरचा गेनू त्यांना होडीतून फिरवतो, लांब नळ्याचे कॅमेरे गळ्यात घालून सायेब लोकं पहाटंच थंडीनं काकडत बसत्यात. गेनू म्हनतो, "काकी, ज्या पाखरांना आपुन दगडं मारायचो, त्यांनीच घराला पत्रा दिला." तुमाला फुकट फिरवील. चार दिवस राहा. माझ्या घरचं पानी तर तुमाला चालतं न्हवं?

आसावरीला सध्या उगं प्रवासात ओढू नगा. आपुन दोघीच जाऊ. कन्याकुमारीचं मनावर घ्या.

तुमची
सिंधुबाई


पणदरे
२५ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

कन्याकुमारीचा विचार मी केला नाही असं समजू नका. सहलीवाल्याकडं बारामतीला जाऊन आले. बँकेच्या वरच्या माळ्यावर त्याचं ऑफिस आहे. त्यानं "हिवाळी सहली" म्हणून चकचकीत कागद हातात दिला आणि चहा पाजला. चहाचे पैसे शेवटी सहलीत लावणारच, म्हणून मी घेतला. मनालीचा बर्फ, जैसलमेरचे तंबू, कच्छचं मिठाचं वाळवंट, केरळातल्या होड्या. एका ठिकाणी तर फक्त रात्री शेकोटीपाशी बसायचे चार हजार. शेकोटी आमच्या परड्यात फुकट पेटते. हे म्हणाले, "बर्फ बघायला मनाली कशाला? डेअरीच्या टाकीत डोकाव." ह्यांचे चुलते तात्याबा ओसरीवरून ओरडले, "बर्फात घसरून पडलीस तर उचलायला ऊसतोडीची टोळी धाडावी लागंल!" हसून हसून पुरे झालं. पण एवढा कागद चाळून मला कळलं ते एवढंच, की मला काहीच बघायचं नाही. बर्फ नाही, समुद्र नाही. मला माझी मुलगी बघायची आहे. तुमच्या कन्याकुमारीला तीन समुद्र असतील, पण माझी आसावरी तिथं नाही.

तेव्हा हरिद्वारच ठरवलं. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी, पंधरा जानेवारीला निघायचं. दौंडहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार. दोघींची तिकिटं काढली आहेत. ज्येष्ठांची सवलत बंद झाली नसती तर तुमच्या तिकिटात बरेच वाचले असते. धुक्याचं म्हणाल तर गाडीला धुकं, आपल्याला काय? आत बसून हरिपाठ म्हणू.

आसावरीला अजून नीट पटवायचं आहे. फोन केला की "बघू आई" म्हणते. व्हिडिओवर येत नाही. तिथं रेंज नसते म्हणते. काल विचारलं, "हरिद्वारला येशील ना गं? गंगेवर तुझी ओटी भरायची आहे."   तर म्हणाली, "आई, कुकरची शिट्टी झाली, ठेवते." शिट्टी काही मला ऐकू आली नाही.

तुमचं ती ऐकते. सासूबाईंनी कुणाला जीव लावावा तर तुमच्यासारखा, हे मी चारचौघांत सांगत असते. तुम्ही तिला एक शब्द टाका. गंगेपाशी मागितलेलं वाया जात नाही. संक्रांतीच्या वाणाला मी तिच्यासाठी काळी चंद्रकळा घेतली आहे, सुती, अंगाला मऊ. गाडीत दशम्या मी आणीन, तुम्ही शेंगदाण्याची चटणी आणा.

उत्तराची वाट बघते.

प्रमोदिनी


डाळज
१ डिसेंबर

प्रमोदिनीताई,

तिकिटं रद्द करा. काय पैसं कापतील ते मी देते.

मी हरिद्वारला येनार न्हाय. तुमीबी जाऊ नगा. आसावरीला गंगेचं, ओटीचं काय बोलू नगा. फोनवरबी बोलू नगा.

माझे गुडघे दुखत्यात. दुसरं कारन न्हाय.

सिंधुबाई


पणदरे
६ डिसेंबर

श्रीमती सिंधुबाई यांस,

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. कागद मोठा होता, बाकीचा कोरा राहिला.

परवा दत्तजयंती झाली. पाळण्याच्या वेळी मी देवापुढं उभी होते, पण मन काही तिथं नव्हतं. जे मनात आहे ते लिहून टाकते. तुम्ही मुलाची आई, मी मुलीची, हे सहा वर्षांत मला कधी जाणवू दिलं नाहीत. आता दिलंत.

गुडघे दुखतात म्हणता. नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंत तुम्ही बिजनौरला होता, तेव्हा दुखले नाहीत? मला सांगितलंत, लेकीकडं सोलापूरला चालले. काल जावईबापूंशी ह्यांचं बोलणं झालं. "थंडी फार असेल ना तिकडं?" म्हणून ह्यांनी विचारलं, तर बोलण्याच्या ओघात म्हणाले, "आई दिवाळीला इथं होती तेव्हाच सुरू झाली." म्हणजे महिनाभर तुम्ही माझ्या लेकीच्या हातचं खाल्लंत, तिच्या उशाला उशी लावून झोपलात, आणि मला एका अक्षरानं कळवलं नाहीत. तुम्हाला तिथं जायला मोकळीक आहे. मुलाचं घर ते तुमचं घर. मला नाही, म्हणून मी नदीचा काठ शोधला, तर तोही तुम्हाला बघवत नाही.

रविवारी मी आसावरीला स्पष्ट विचारलं. ती एवढंच म्हणाली, "आई, कुठंही चल. नदीकाठी नको." हे तिचं बोलणं नाही. लहानपणी नीरेच्या कालव्यातून तिला ओढून काढावं लागायचं. हे तिच्या तोंडात कुणी घातलं? तिला माझ्यापासून तोडून तुम्हाला काय मिळणार आहे?

तिच्या घरात काही बिघडलं असेल, जावईबापूंचं काही असेल, तरी सांगा. मी ऐकेन. पण खोटं लिहू नका. अळिवाचे लाडू सांध्यासाठी म्हणालात. डाळजला राहून एवढा अळीव खाल्ला असता तर तुम्ही गेनूच्या होडीशी शर्यत लावली असती.

दत्त महाराजांची शपथ घालते. काय झालं आहे?

प्रमोदिनी


डाळज
१३ डिसेंबर

प्रमोदिनीताई,

तुमचं पत्र चार दिवस उशाखाली ठेवलं. मीबी एक शपथ घातलीय, आसावरीची, तिच्या हातावर हात ठेवून. आता तुमी दत्ताची घातली. दोन्हीतली एक मोडल्याबिगर भागत न्हाय. मी तिची मोडते. पाप मला लागू द्या.

बसून वाचा. वसंतराव जवळ असले तर बरं.

आसावरीला दिवस गेलं व्हतं. नवरात्राच्या सातव्या माळंला बाळ पोटातच गेलं. सातवा महिना व्हता. मुलगी व्हती.

आधी तिसऱ्यात एकदा गेलं तेव्हा तुमाला कळलं व्हतं. तुमी सोळा सोमवार धरलं, देवाला जाऊन नवस बोलला, गावातल्या बाया तिला विचारू लागल्या. तिला ते लई लागलं. म्हनून या वक्ताला म्हनली, "आत्याबाई, पोट दिसूस्तवर आईला सांगायचं न्हाय. सातव्यात ओटी भरायला एकदम बोलवू, बघा कशी येती ती." मे महिन्यात आली न्हाय ती त्यापायी. तुमाला बोलवायचा दिवससुदीक धरला व्हता. दसरा झाल्यावरचा गुरुवार.

पाचव्या माळंला पोट हलायचं मंदावलं. ऋषिराजचा फोन आला, मी तशीच उठून गेले. तुमाला सोलापूर सांगितलं. जाईपर्यंत समदं झालं व्हतं. दवाखान्यात काय कमी केलं न्हाय त्यांनी, देवानंच केलं. तिकडची रीत, एवढ्या लहान बाळाला आग देत न्हाईत. ऋषिराज आन शेजारचा एक मास्तर, दोघांनी गंगेच्या वाळूत नेऊन ठेवलं. तीच गंगा, ताई. हरिद्वारवरनं खाली येती ती तिच्या गावाजवळनं जाती. तुमी फोनवर गंगेवर ओटी भरते म्हनला, तवा तिनं फोन ठेवला, आन ऋषिराज म्हनला की दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडली. आता तरी तुमाला कळलं, मी कन्याकुमारी का म्हनत व्हते. देशात एवढी गावं हायती, आन तुमी नेमकं तेच धरलं.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. प्यायला कोन न्हाय. मी गरम फडक्यानं शेकायचे आन ती बघायची माझ्याकडं. बाळ न्हाय म्हनून काय झालं, बाळंतीन ती बाळंतीन. मी तिला शेक-शेगडी केली, खारीक-खोबरं, अळीव समदं घातलं. डाळजला आल्यावर परत लाडू केले. दोन डबे भरले, एक तिला, एक तुमाला. सोनमनं दोरा बांधताना तळातली पुडी बदलली. तिचे लाडू तुमाला आले आन तुमचा चिवडा तिकडं गेला. तुमी यादी तपासली तवा मी सांध्यांचं निमित्त केलं.

मी तिला म्हनलं, आईला बोलीव. किती वेळा म्हनलं. तर म्हनली, "काय म्हणून बोलवू? मूल झालं की ती पाणी प्यायला येणार. आता येईल आणि दारात बाटली काढील." इंदापूरचं तिनं मला सांगितलं. तुमी बाटली काढली तवा तिच्या हातात तांब्या तसाच राहिला. तुमी गेल्यावर तिनं ते पानी तुळशीला घातलं. आता कुनी घरी आलं तरी ती पानी विचारत न्हाय, ताई. माझ्या ध्यानात आलं. मी महिनाभर व्हते, शेजारच्या बाया यायच्या, ती नुसती बसायची. पानी मी द्यायचे.

तुमाला दोष देत न्हाय. तुमी पाळलं ते तुमच्या सासूनं पाळलं. माझ्या आईनंबी माझ्या घरी माझा ऋषिराज झाल्यावरच घास घेतला. पर माझा ऋषिराज झाला. म्हनून मला कधी त्याचा विचार करावा लागला न्हाय.

आता जे करायचं ते तुमी करा. मी तिची शपथ मोडली हे तिला सांगू नगा, न्हायतर सांगा. मला कळंना झालंय.

सिंधुबाई


॥ श्री ॥

पणदरे
१९ डिसेंबर

ती. विहीणबाईंना प्रमोदिनीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र मंगळवारी मिळालं. वाचलं, आणि ह्यांच्या हातात दिलं. हे गोठ्यात घेऊन गेले. बऱ्याच वेळानं मी बघायला गेले तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. धार काढायची वेळ होऊन गेली होती. मला म्हणाले, "तिला एकटीला सोसायला लावलं आपण." एवढंच. मग बादली घेऊन बसले.

मी तुम्हाला काय काय लिहिलं ते आठवतं आहे. लेकीला तोडता म्हणाले. तुम्ही तिला शेकत होता आणि मी इथं तीन फुटलेल्या करंज्या मोजत होते. माझ्या बाळंतिणीचे लाडू मी शेजारपाजारी वाटले. एकीनं तर विचारलं, "काय प्रमोदिनीवहिनी, आजी झालात काय?" मी हसून नाही म्हणाले.

हरिद्वार रद्द केलं. दोघींची सगळी तिकिटं परत केली. कापले ते कापले, तुम्ही एक पैसा देऊ नका. अलीकडची गाडी शोधली तर साध्या डब्यात जागा नव्हती. एसीत मिळाली, तीस तारखेची. थंडीत एसीचे पैसे भरणारी मी बारामती तालुक्यात पहिलीच असेन. दौंडला रात्री बसायचं आणि दिल्लीहून बिजनौरची बस. माझं एकटीचं तिकीट आहे. तुमचे गुडघे खरंच दुखतात हे मला माहीत आहे. मागच्या पत्रात उगीच टोचलं.

होय, बिजनौर. सहलीवाल्याच्या कागदावर हे नाव नाही. त्याला फोन करून सांगितलं तेव्हा म्हणाला, "काकू, तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, आहे.

काल तात्याबांना सांगितलं. लपवून जाणार नव्हते. ते म्हणाले, "सूनबाई, भेट जरूर. पण अन्नपाण्याची वहिवाट मोडू नकोस. तिच्याच पोटाला भोवतं. मूल होईपर्यंत तेवढं पाळ." घरात वडीलधाऱ्यांपुढं मी आजवर तोंड उघडलेलं नाही. पण काल मी म्हणाले, "मूल होईपर्यंत म्हणता ना तात्या? मूल झालं. मुलगी झाली. सात महिने होती. मी आजी झाले, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं." त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. संध्याकाळी स्वतः बाजारात जाऊन अळीव आणून ओट्यावर ठेवून गेले. त्यांच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही.

शास्त्रात काय आहे ते मला माहीत नाही. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी. देवाला मात्र विचारलं. देवानं काही सांगितलं नाही. सांगायचं असतं तर इंदापूरला, तिच्या हातात तांब्या होता तेव्हाच सांगितलं असतं.

नेणार आहे ते: अळिवाचे लाडू, डिंक, खारीक, घरचं तूप, आणि ती काळी चंद्रकळा. ओटीचं सामान नेणार नाही. गंगेचं नाव काढणार नाही. ती म्हणाली तर जाईन तिच्याबरोबर वाळूपर्यंत, नाही म्हणाली तर नाही. पिशवीत पाण्याची बाटली मात्र ठेवणार नाही. ह्यांना सांगून ठेवलं आहे, चुकून भरून दिलीत तर स्टँडवरच ओतून टाकीन. गाडीत लागलं तर विकत घेईन.

टोळी कालच आली. ऊस पडायला लागला आहे. हे म्हणतात, तू जा, कोयत्याचं मी बघतो. पहिल्यांदाच ऊस कारखान्याला जाताना मी नसणार.

तिला मी येते आहे हे कळवलेलं नाही. कळवलं तर नको म्हणेल. किंवा स्वयंपाक करून ठेवील आणि मग वाट बघत बसेल की मी डबा काढते का. ते तिला आता सोसायचं नाही.

आता एक गोष्ट माझ्यासाठी करा. तुम्ही महिनाभर त्या घरात होता. मी तिच्या घराचं दारसुद्धा पाहिलेलं नाही. आत गेल्यावर स्वयंपाकघर कुठल्या हाताला? पिण्याचं पाणी कशात ठेवते, माठ आहे की हंडा? भांडं वर फळीवर असतं की माठावरच उपडं घातलेलं? मला कुणाला विचारत बसायचं नाही. दार उघडून ती नुसती उभी राहील, पाणी विचारणार नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे. तिनं विचारावं म्हणून मला थांबायचंही नाही. चपला काढून सरळ आत जाऊन, माझ्या हातानं घेऊन, तिच्यासमोर प्यायचं आहे.

तीस तारखेच्या आत पोचेल असं, उलट टपाली कळवा.

तुमची
प्रमोदिनी